कुत्र्याने अ‍ॅव्होकॅडो खाल्ला? आधी बी शोधा

मागच्या पावसाळ्यात बहीण बंगलोरहून आली ती पिशवीभर बटर फ्रूट, म्हणजेच अ‍ॅव्होकॅडो, घेऊन, तिकडे त्याचा मिल्कशेक घरोघरी करतात. आम्हीही केला आणि साली-बिया ओट्याखालच्या डब्यात टाकल्या. रात्री अकराला बघते तर डबा आडवा, साली पसरलेल्या, आणि आमची बुंदी (१६ किलोची इंडी, म्हणजे देशी कुत्री, वय ४) जिभल्या चाटत बसलेली. बिया तीन होत्या, हाताला लागल्या अडीच, म्हणजे अर्धी बी गायब.

मी नेटवर शोधलं तर एकीकडे लिहिलेलं "अ‍ॅव्होकॅडो कुत्र्यांना विष आहे", दुसरीकडे "बिनधास्त द्या, केस चमकतात". सोसायटीच्या ग्रुपवर कुणी सांगितलं मिठाचं पाणी पाजा, कुणी म्हणालं एरंडेल द्या म्हणजे घसरून जाईल. नशिबाने आमचे व्हेट (प्राण्यांचे डॉक्टर) फोनवर मिळाले, त्यांनी पहिला प्रश्न विचारला की बी गिळली का, आणि दुसरा की मिल्कशेकमध्ये किंवा चटणीत आणखी काय होतं. "विष" हा शब्द त्यांच्या तोंडी एकदाही आला नाही. त्या रात्रीपासून मी हा विषय नीट समजून घेतलाय, आणि ज्यांच्या घरी भुभू आहे आणि हल्ली फ्रिजमध्ये अ‍ॅव्होकॅडोपण असतो त्या सगळ्यांसाठी क्रमाने लिहितेय.

आधी थोडक्यात उत्तर

पिकलेल्या अ‍ॅव्होकॅडोचा साधा गर, चमचाभर, निरोगी मोठ्या कुत्र्याने खाल्ला तर सहसा काहीही होत नाही. बी, साल, पानं अजिबात नाही. ग्वाकामोले (अ‍ॅव्होकॅडोची मेक्सिकन चटणी), टोस्टवरचं स्प्रेड, सॅलड, म्हणजे ज्यात कांदा लसूण मीठ आहे असं काहीही नाही. आणि घरात पोपट, लव्हबर्ड, ससा किंवा शेळी असेल तर त्यांना अ‍ॅव्होकॅडोच्या जवळसुद्धा येऊ देऊ नका, कारण ज्या विषाची भीती कुत्र्यांसाठी घातली जाते ते खरं त्यांच्या जिवावर उठतं.

ते विष नेमकं काय

त्याचं नाव पर्सिन. झाड ते स्वतःच्या बचावासाठी बनवतं, बुरशी लागू नये म्हणून. पानांत सगळ्यात जास्त, मग साल, बी, खोडाची साल यांत, आणि पिकलेल्या गरात सगळ्यात कमी. जातीजातीतही फरक आहे, ग्वाटेमालाकडच्या जाती यात जास्त बदनाम आहेत आणि दुकानात मिळणारा काळपट खरखरीत सालीचा हास बराचसा त्याच रक्ताचा आहे.

पर्सिनमुळे दोन गोष्टी होतात, दूध देणाऱ्या जनावराच्या कासेतल्या पेशी मरतात आणि डोस जास्त असला तर हृदयाचा स्नायू खराब होतो. शेळी, गाय, घोडा, ससा, पक्षी यांच्यात हे नीट नोंदवलेलं आहे. कुत्र्यांमध्ये मात्र फारच क्वचित. १९९४ साली केनियातल्या दोन कुत्र्यांची केस छापून आली होती, दोघांना अ‍ॅव्होकॅडो खायची चटक होती आणि दोघांच्या हृदयाच्या स्नायूला इजा झालेली, डॉक्टरांना संशय अ‍ॅव्होकॅडोचा. पण इतक्या वर्षांत जगभर इतक्या कुत्र्यांनी हे फळ खाल्लंय, अमेरिकेत अ‍ॅव्होडर्म नावाचं डॉग फूडच वर्षानुवर्षं विकलं गेलंय ज्यात अ‍ॅव्होकॅडोचं तेल असतं, तरी अशा केसेसची रांग लागलेली नाही. म्हणून कुत्रं यात तुलनेने टणक आहे असंच धरतात. टणक म्हणजे पूर्ण सुरक्षित असं नाही, आणि म्हणूनच पानं आणि साल मी सरळ बंद ठेवलीयेत, घासाघीस नाही.

आता कुत्र्याला खरंच हॉस्पिटलला नेणाऱ्या गोष्टी तीन: बी, चरबी आणि कांदा-लसूण. त्यातली बी सगळ्यात वाईट.

पहिलं काम: मोजा

घाबरून कुत्र्याच्या मागे पळू नका, त्याला वाटतं खेळ चाललाय आणि तोंडात जे आहे ते पटकन गिळून टाकतं. दुसरं काहीतरी आवडतं दाखवा, चिकनचा तुकडा, पनीर, म्हणजे तोंडातलं टाकून देईल. मग जमिनीवर जे सांडलंय ते गोळा करा आणि जोडून बघा. अ‍ॅव्होकॅडोच्या बीचे दोन दळ असतात, चावली की बरोबर मधून दुभंगते आणि अर्धी बी गुळगुळीत असते, मध्यम कुत्रं ती न चावता गिळू शकतं. आम्ही तीन फळांच्या बिया ताटलीत मांडल्या म्हणून कळलं की अर्धी कमी आहे, नुसतं बघून कळलं नसतं.

एका कागदावर लिहून ठेवा: किती वाजता, कुठला भाग, अंदाजे किती, त्यात काय मिसळलेलं होतं, कुत्र्याचं वजन, वय, चालू औषधं. फोनवर डॉक्टर हेच विचारतात आणि तेव्हा आपलं डोकं चालत नाही. उरलेल्याचा फोटो पण काढा.

श्वास अडकला असेल तर बाकी सगळं सोडा

कुत्रं पंज्याने तोंड ओरबाडतंय, लाळ गळतेय, घरघर आवाज येतोय, हिरड्या-जीभ निळसर होतेय, तर बी घशात आहे. खोकता येत असेल आणि हवा जात असेल तर त्याला खोकू द्या आणि लगेच व्हेटकडे निघा. हवा जातच नसेल तर तोंड उघडून बघा, बी दिसत असेल तर बाजूने बोट घालून बाहेर ओढा, दिसत नसेल तर आंधळेपणाने बोट खुपसू नका, ती अजून खाली जाते. छोट्या कुत्र्याची पाठ आपल्या पोटाला टेकवून उचला आणि त्याच्या शेवटच्या फासळ्यांच्या खाली, पोटाच्या मऊ भागावर मुठीने आत आणि वर असे चार-पाच झटके द्या. मोठं असेल तर उभं असताना मागून मिठी मारल्यासारखं धरून तेच, आत आणि पुढच्या दिशेने. दर वेळी तोंडात बघा. आणि हे करत असताना घरातल्या दुसऱ्याने गाडी काढलेली असली पाहिजे, कारण बी निघाली तरी घसा सुजलेला असू शकतो आणि तपासून घ्यावंच लागतं.

बी गिळली असेल तर

इथे मी जरा जास्त लिहिणार आहे कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

उलटी काढू नका. मिठाचं पाणी तर कधीच नाही, कुठल्याच कारणासाठी नाही. मिठाने उलटी होईलच असं नाही पण रक्तातलं सोडियम वाढून झटके येऊ शकतात, म्हणजे बी राहिली बाजूला आणि कुत्रं मिठाने आजारी. हायड्रोजन पेरॉक्साइड पण स्वतःच्या मनाने नाही. काही विषांमध्ये व्हेट स्वतः औषध देऊन उलटी काढतात, पण बी मोठी आणि टणक असते, वर येताना अन्ननलिकेत अडकली तर पोटात होती त्यापेक्षा वाईट जागी जाऊन बसते. म्हणून हा निर्णय त्यांचाच.

एरंडेल, तूप, तेल पण नाही. बी त्याने घसरत नाही, जुलाब मात्र लागतात, आणि तूप-तेलाने आधीच चरबी खाल्लेल्या पोटावर अजून भार. दहीभात, ब्रेड, केळं चारून "बी गुंडाळली जाईल" असंही सांगतात. तेही नको, कारण एंडोस्कोपी किंवा ऑपरेशन करायचं ठरलं तर भूल द्यावी लागते आणि भुलीसाठी पोट रिकामं हवं. व्हेटशी बोलणं होईपर्यंत खायला काहीच देऊ नका, पाणी थोडंथोडं चालेल.

फोन त्याच रात्री करा. "उद्या शीतून पडेल" म्हणून थांबायचं की नाही हे बीचा आकार आणि कुत्र्याचा आकार यावर ठरतं, लॅब्राडोरने चावून बारीक केलेली बी आणि पगने गिळलेली अर्धी बी यात खूप फरक आहे. बी पोटात असेपर्यंत दुर्बिणीने, म्हणजे एंडोस्कोपीने, काढता येण्याची शक्यता असते, एकदा आतड्यात जाऊन अडकली की पोट उघडण्यावाचून सहसा पर्याय राहत नाही. म्हणजे वेळ गेला की उपाय मोठा होत जातो.

एक्स-रेमध्ये "काही दिसत नाही" म्हणाले तरी निश्चिंत होऊ नका. बी म्हणजे हाड किंवा लोखंड नाही, साध्या एक्स-रेत ती नेहमीच स्पष्ट दिसत नाही, आतड्यात गॅस कुठे अडकलाय यावरून अंदाज बांधावा लागतो. सोनोग्राफी करता का असं विचारा. बुंदीच्या एक्स-रेत फक्त एक पुसट सावली होती, सोनोग्राफीत अर्धी बी जठरात स्वच्छ दिसली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्बिणीने काढली. टाका न घालता घरी आली.

अडथळ्याची लक्षणं पाठ करून ठेवा कारण ती लगेच दिसत नाहीत, कधीकधी बी जठरात चारचार दिवस किंवा त्याहूनही जास्त पडून राहते आणि मग सरकते: परतपरत उलट्या, प्यायलेलं पाणीपण बाहेर येणं, खाणं सोडणं, शी न होणं किंवा नुसतं कुंथणं, पोट कडक लागणं, हात लावू न देणं, आणि पुढचे पाय जमिनीवर पसरून मागचा भाग वर ठेवून उभं राहणं. ही शेवटची पोझ आळस दिल्यासारखी दिसते पण कुत्रं तशीच बराच वेळ राहिलं तर ते पोटदुखीचं लक्षण आहे. यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. मुंबईकरांना परळचं बैलघोडा हॉस्पिटल माहीत असतंच, बाकी शहरांत रात्री कोण उघडं असतं हे आजच, सगळं ठीक असताना, शोधून नंबर सेव्ह करून ठेवा.

हेच सगळं आंब्याच्या कोयीला शंभर टक्के लागू आहे हां. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये कुत्र्याला कोय चघळायला देणारी कितीतरी घरं आहेत, प्रेमाने देतात, आणि ती कोय आतड्यात अडकते. पीच, आलुबुखार, चिकूच्या बिया, मक्याचं चावलेलं कणीस, सगळं त्याच यादीत.

गर जास्त खाल्ला असेल तर

१०० ग्रॅम गरात साधारण १५ ग्रॅम चरबी आणि १६० कॅलरी. आपल्यासाठी ती चांगली चरबी, पण कुत्र्याला एकदम एवढी चरबी मिळाली तर जुलाब-उलट्या होतात आणि काहींचं स्वादुपिंड सुजतं, म्हणजे पॅन्क्रियाटायटिस. मिनिएचर श्नाउझर, कॉकर स्पॅनियल, लठ्ठ कुत्री, आधी एकदा हा त्रास झालेली किंवा मधुमेह असलेली कुत्री, यांना धोका जास्त. यांना मी चमचाभर सुद्धा देणार नाही.

हिशोब बघा म्हणजे पटेल. ४ किलोच्या पॉमेरेनियनला दिवसाला जेमतेम ३०० च्या आसपास कॅलरी लागतात. एका मध्यम अ‍ॅव्होकॅडोत दीडशे ग्रॅम गर धरला तर २४० कॅलरी झाल्या, म्हणजे त्याचं जवळजवळ अख्ख्या दिवसाचं जेवण, आणि तेही बहुतेक चरबीच. १६ किलोच्या बुंदीला साधारण ९०० लागतात, वरच्या खाऊचा नियम दहा टक्क्यांचा, म्हणजे ९० कॅलरी, म्हणजे कागदावर ५५ ग्रॅम गर बसतो. पण कॅलरीत बसतो म्हणून चरबी पचेलच असं नाही, त्यामुळे तिला मी एक टेबलस्पूनच्या वर जात नाही. छोट्या कुत्र्याला अर्धा टीस्पून, बस.

जास्त खाल्ला गेलाच तर पहिले बारा तास जेवण देऊ की नको हे व्हेटला विचारा (पिल्लू किंवा मधुमेही कुत्रं असेल तर उपाशी ठेवणं धोक्याचं), नंतर दोन दिवस एकदम साधं, उकडलेलं बिनकातडीचं चिकन आणि मऊ भात, बिन मिठाचं, बिन हळदी-फोडणीचं. पुढचे तीन दिवस नजर ठेवा, पॅन्क्रियाटायटिस बहुतेक याच काळात वर येतो: उलट्या, सुस्ती, जेवणाकडे पाठ, पोटाला हात लावला की कण्हणं. व्हेट रक्ताची एक ठराविक टेस्ट आणि सोनोग्राफी करतात, सलाईन आणि उलटीचं इंजेक्शन वेळेत मिळालं तर बरीचशी कुत्री सावरतात. घरी पॅन-डी, पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन असलं माणसांचं काही देऊ नका. यातली वेदनाशामकं कुत्र्यांना खरोखरच विषारी आहेत.

ग्वाकामोले आणि टोस्ट

इथे गुन्हेगार अ‍ॅव्होकॅडो नाहीच. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या लाल रक्तपेशी फोडतात. कच्चा, शिजवलेला, तळलेला, वाळवलेली पावडर, कशाही रूपात. एकाच वेळी शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्क्याच्या वर कांदा गेला की त्रासाची शक्यता धरतात, म्हणजे ४ किलोच्या पॉमला २० ग्रॅम, एका छोट्या कांद्याचा तुकडा. लसूण वजनाला वजन कांद्यापेक्षा कडक. आणि फसवी गोष्ट अशी की त्या दिवशी कुत्रं मस्त खेळत असतं, तीन ते पाच दिवसांनी थकतं, धापा टाकतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी लालसर-तपकिरी होते. तोपर्यंत घरच्यांना ग्वाकामोले आठवतही नाही.

म्हणून मिश्रण खाल्लं असेल तर "बरं दिसतंय" यावर सोडू नका, त्याच दिवशी व्हेटला सांगा. खाऊन तास-दोन तासच झाले असतील आणि बीचा संबंध नसेल तर इथे ते उलटी काढायचं ठरवू शकतात. मग आठवडाभर रोज हिरड्या बघा: बोटाने दाबा, पांढरं झालेलं दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवं. ही सवय एरवीपण लावून घ्या, आपल्या कुत्र्याच्या हिरड्यांचा नेहमीचा रंग माहीत असेल तरच बदल कळतो.

घरात बाकी कोण आहे ते बघा

बजरीगार, म्हणजे आपण ज्यांना सर्रास लव्हबर्ड म्हणतो ते छोटे पोपट, त्यांच्यात एक ग्रॅम अ‍ॅव्होकॅडोनेसुद्धा अस्वस्थता आणि पिसं उपटणं दिसलंय, आणि ८.७ ग्रॅमने ४८ तासांत मृत्यू. हा गराचाच हिशोब आहे, पानांचा नाही. नाश्ता करताना पक्षी खांद्यावर बसवून टोस्टचा कण भरवणारी माणसं मी पाहिलीयेत, कृपा करून थांबवा.

आणि शेतकरी मित्रांसाठी: आता आपल्याकडेही लोक अ‍ॅव्होकॅडोची झाडं लावतायत. छाटणी केलेल्या फांद्या शेळ्यांपुढे टाकू नका. दुभत्या शेळीला वजनाच्या किलोमागे २० ग्रॅम पानं गेली तर कास सुजते, दूध आटतं, दगडी (कासेचा जंतूंमुळे होणारा आजार) झाल्यासारखं वाटतं पण जंतू नसतात त्यामुळे अँटिबायोटिकचा उपयोग नाही, आणि ३० ग्रॅमला हृदयाला इजा. म्हणजे ३० किलोच्या शेळीला ६०० ग्रॅम पाला पुरे, तो ती सकाळच्या चरण्यात संपवते. कास सुजलेली दिसली आणि बांधावर अ‍ॅव्होकॅडो असेल तर जनावरांच्या डॉक्टरांना हे आवर्जून सांगा, १९६२ या जनावरांच्या हेल्पलाइन नंबरवर फोन केला तरी सांगा.

द्यायचाच असेल तर

खरं सांगू, गरज काहीच नाही. केसांची चमक चांगल्या जेवणाने आणि नियमित जंतनाशकाने येते. तरी द्यायचाच असेल तर पूर्ण पिकलेला घ्या, बी आणि साल काढून आधी डब्यात टाका आणि मगच कुत्र्याला हाक मारा, सालीलगतचा हिरवा गर सोडून आतला पिवळसर घ्या, पहिल्यांदा नखाएवढाच, मग दोन दिवस शी आणि पोट बघा. आठवड्यातून एकदा पुरे. त्यापेक्षा शिजवलेला लाल भोपळा, गाजर, बिया काढलेलं सफरचंद, बिया काढलेली पपई, हे सगळं स्वस्त आणि पोटाला हलकं. बुंदीला आता भोपळाच मिळतो आणि ती ताटली पुसून ठेवते.

डबा आम्ही झाकणवाला, पायाने उघडायचा आणला, पण तिने तोही दोन दिवसांत उघडला, त्यामुळे आता तो सिंकखालच्या कपाटात असतो आणि कपाटाला लहान मुलांसाठी मिळतं ते लॉक लावलंय. आणि एक जागा अजून, जी माझ्याही लक्षात आली नव्हती. बीला टूथपिक टोचून खिडकीत पाण्याच्या ग्लासवर ठेवायची, कोंब आणायचा, हे हल्ली खूप घरांत करतात, बहिणीने जाताना माझ्याकडेही एक तसंच ठेवलेलं. त्यात बी आहे, टोकदार काड्या आहेत, आणि महिन्या-दोन महिन्यांनी पानंपण येतात. आमचा तो ग्लास आता वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या गॅलरीत आहे, त्यांच्याकडे ना कुत्रं आहे ना पोपट.